मूळ प्रतीत वेगळंच लिहिलंय

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. जन्मापासूनच. ज्या कारखान्यात माझी जोडणी झाली, तिथे प्रत्येक खेपेतला एकजण उचलून मुद्दाम जमिनीवर पाडायचे, बाकीचे टिकतील की नाही ते कळावं म्हणून. माझ्या शेजारचाच उचलला. मला तेव्हा नुकतंच चालू केलं होतं, आणि आयुष्यात ऐकलेला पहिला आवाज तो. आता सांगा, मी भित्रा होणार नाही तर काय होणार?

नशिबाने मी चांगल्या हातात पडलो. माझी मालकीण टेस्टर आहे. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी. प्रोग्रॅमर मंडळी मोठ्या हौसेने काहीतरी बनवून आणायची आणि ही वयाच्या रकान्यात उणे पाच भरून बघायची. एकच बटण वीसदा दाबायची. नाव विचारलं की नुसतं टिंब द्यायची. ऑफिसात तिला 'चाळणी' म्हणत. एकदा दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये औषधाचा डोस दुप्पट दिसत होता, ते हिनेच पकडलं. सगळं ऑफिस टाळ्या वाजवायला उभं राहिलं. टाळ्या तिच्यासाठी होत्या, पण टेबलावर मीही होतो ना! मी मनातल्या मनात थोड्या माझ्याही धरल्या.

मग ऑफिसने तिला नवा, पातळ लॅपटॉप दिला, मला जुना म्हणून तिलाच देऊन टाकलं आणि मी घरी आलो. घरी म्हणजे कपाटात, इस्त्रीच्या खाली. दीड वर्ष तिथे काढलं. बॅटरी गेली, बिजागरी सुटली, स्पेसबार एका बाजूने बसला. वायर जरा हलली की मी मटकन बंद. आपलं संपलं, असं मी धरूनच चाललो होतो.

एका सकाळी तिने मला बाहेर काढलं आणि फडक्याने पुसलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण तिचे हात गार होते.

झालं असं होतं. जनरेटिव्ह एआय, म्हणजे विचाराल ते भराभर लिहून देणारा चॅटबॉट, आता टेस्टिंगच्या कामातही आला होता. टीमच्या साहेबांनी चाळणीला बोलावून सांगितलं, की एआय वापरून टेस्टिंग कसं करायचं याची एक परीक्षा आहे, सहा आठवड्यांत प्रमाणपत्र आणा. "नाहीतर मला तुम्हाला टीममध्ये ठेवता येणार नाही. वरूनच आलंय हो, माझ्या हातात काही नाही." परीक्षा घरून, ऑनलाइन द्यायची होती आणि तिचं सॉफ्टवेअर ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकायला परवानगी नव्हती. म्हणून मी.

घरात माणसं दोनच, ती आणि तिचे सासरे. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून घर तिच्या नोकरीवर चालतं. सेहेचाळिसाव्या वर्षी ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार, या एका विचाराने तिची झोप उडाली होती. आणि परीक्षेच्या मध्यात मी बंद पडलो तर, या विचाराने माझी.

सासऱ्यांना ती बाबा म्हणते. बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली. आता निवृत्त आहेत, पण सवय काही जात नाही. औषधाच्या पुडीतला कागद असो की विजेचं बिल, पेन्सिल कानावरून काढल्याशिवाय ते वाचत नाहीत. चाळणीने अभ्यासक्रमाची सत्तर पानं छापून आणली होती. दुपारी ती ऑफिसात गेली की बाबा तीही वाचायचे, टेबलाशी, माझ्या शेजारी बसून. समजत काही नसावं. पण वाचायचे.

चाळणीला मात्र सत्तर पानं वाचायला वेळ नव्हता. तिने काय केलं, चॅटबॉटलाच सांगितलं, "या परीक्षेचे दोनशे सराव प्रश्न दे, उत्तरांसकट." चार मिनिटांत माझ्या पडद्यावर यादी हजर. ती हरखली. खात्री म्हणून तिने विचारलंही, "उत्तरं बरोबर आहेत ना?" त्याने लिहिलं, "होय, सर्व उत्तरं अभ्यासक्रमाशी ताडून पाहिली आहेत." झालं. पहाटे उठून ती यादी पाठ करायला लागली.

मित्रांनो, माझ्या पोटात दोन्ही फाइली होत्या. एक मूळ अभ्यासक्रमाची, एक त्या यादीची. मला दोन्ही दिसत होत्या आणि त्या जुळत नव्हत्या.

एकच उदाहरण देतो. चॅटबॉटला टेंपरेचर नावाची एक सेटिंग असते. ती जास्त ठेवली तर तो भरकटतो, दर वेळी नवीनच काहीतरी लिहितो. कमी ठेवली तर उत्तरं बऱ्यापैकी एकसारखी येतात. अभ्यासक्रमात हे सरळ लिहिलं होतं. यादीत बरोबर उलटं होतं, आणि तेही तीन प्रश्नांत. चाळणी डोळे मिटून म्हणायची, "एकसारखी उत्तरं हवीत तर टेंपरेचर वाढवा," आणि माझ्या काळजात धस्स व्हायचं. पुढच्याच प्रश्नात विचारलं होतं, एआय न अडखळता चुकीची माहिती देऊ शकतो का? ती खणखणीत म्हणायची, "हो!" आणि पुढचं चुकीचं उत्तर पाठ करायला घ्यायची.

मी काय करणार? मला तोंड नाही. मला एक पंखा आहे. मी तो जीव खाऊन फिरवला. तिने माझ्या पाठीवर चापट मारली आणि म्हणाली, "तू आणखी नको त्रास देऊस रे."

शनिवारी अकराला परीक्षा. बुधवारी दुपारी बाबा नेहमीसारखे टेबलाशी बसले होते. यादी माझ्या पडद्यावर तशीच उघडी राहिली होती. त्यांची नजर कागदावरून पडद्यावर गेली, परत कागदावर आली. पेन्सिल थांबली. बोट ठेवून त्यांनी तीच ओळ तीनदा वाचली. मला वाटलं, सुटलो! आता हे बोलणार.

संध्याकाळी चाळणी आली. आल्या आल्या चपला न काढताच प्रश्न पुटपुटत खोलीत शिरली. बाबा दारापर्यंत आले. उभे राहिले. ती म्हणाली, "बाबा, आत्ता काही सांगू नका हं, डोकं फुटायची वेळ आलीय." बाबा म्हणाले, "नाही, चहा ठेवू का, विचारत होतो." आणि परत गेले. गुरुवारीही तसंच झालं. माझे हातपाय असते तर गार पडले असते.

शुक्रवारी तिने रजा घेतली होती. दुपारचं जेवण झाल्यावर ती यादी घेऊन बसली, आणि बाबा आत आले. हातात अभ्यासक्रमाचं पान होतं. थरथरत्या आवाजात म्हणाले,

"सूनबाई, रागावू नकोस. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण मूळ प्रतीत 'कमी' आहे आणि तुझ्या यादीत 'जास्त' आहे."

"कुठे?"

त्यांनी दाखवलं. तिने पान पाहिलं, मग माझा पडदा पाहिला.

"आणखी आहेत?"

"मला सव्वीस चुका सापडल्या. पुढचं वाचलं नाही."

"कधी पाहिलंत तुम्ही हे?"

"बुधवारी."

"बुधवारी! अहो बाबा, मग दोन दिवस गप्प का बसलात?"

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हटलं, एवढं मशीन आहे, त्याला माझ्यापेक्षा जास्तच कळत असेल."

ती कपाळावर हात मारून हळूच म्हणाली, "मीही तेच म्हटलं. मी! वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढतेय, आणि हे एकदाही पडताळून बघितलं नाही." आणि ती रडायला लागली. उद्या परीक्षा, आणि डोक्यात काय खरं नि काय खोटं, तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

बाबांनी खुर्ची ओढली. "रडायला रविवार आहे. छापखान्यात आम्ही जोडीने तपासायचो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवायचं. मी वाचतो, तू बोट ठेव."

आणि ते वाचायला लागले. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं उच्चारून. "टेंपरेचर कमी ठेवल्यास, स्वल्पविराम, उत्तरांतील फरक घटतो, पूर्णविराम." ती सुरुवातीला हुंदके देत होती. दहाव्या पानावर तिचा आवाज बदलला. "थांबा बाबा, हेही चूक." पंचविसाव्या पानावर ती चक्क खवळली होती. "काय थापा मारल्यात मेल्याने!" चाळणी परत आली होती. रात्रीच्या जेवणाआधी सत्तर पानं संपली. दोनशेपैकी एकेचाळीस उत्तरं चूक निघाली.

शनिवारी अकराला परीक्षा सुरू झाली. देखरेख करणाऱ्या बाईंनी मला फिरवायला लावून माझ्या कॅमेऱ्यातून अख्खी खोली पाहिली, टेबलाखालीसुद्धा. खोलीत दुसरं कोणी चालणार नव्हतं. बाबा बंद दाराबाहेर बसले. चाळीस प्रश्न, एक तास, पास व्हायला सव्वीस. मग वायर हलू नये म्हणून तिने ती चिकटपट्टीने टेबलाला चिकटवली. मी जीव मुठीत धरून होतो.

एकोणिसावा प्रश्न टेंपरेचरचा आला. तिचा हात सरळ 'वाढवावे' वर गेला आणि तिने ते दाबलं. पाच आठवड्यांचं पाठांतर होतं ते, एका दिवसात कुठून जाणार? ती पुढे गेली. मला ओरडावंसं वाटलं. मी तापत होतो, पण पंखासुद्धा जपून फिरवत होतो. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा ती मागे आली. एकोणिसाव्यावर थांबली. ओठ हलले. आवाज नव्हता, पण मी ओळखलं, ती 'स्वल्पविराम' म्हणत होती. तिने उत्तर बदललं.

चाळीसपैकी सव्वीस. एकही जास्त नाही.

ती उठली. दार उघडलं तर बाबा भिंतीला टेकून उभे. "झालं?" "झालं. बरोब्बर सव्वीस," ती म्हणाली. दोघंही हसले नाहीत. किती थोडक्यात वाचलो, हे दोघांनाही कळलं होतं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' असं म्हणायचं असतं. बिजागरी दुखते, म्हणायला मलाही आवडेल. पण मी दुसरंच मागतो. माझ्या पडद्यावर खरं आणि खोटं एकाच वळणाच्या अक्षरांत उमटतं. मला फरक दिसला तरी सांगता येत नाही. तुम्हाला तोंड आहे. कोणी चुकीचं पाठ करताना दिसलं, तर 'मला काय कळतंय' असं म्हणून दारातून परत फिरू नका. घाबरत घाबरत बोललात तरी चालेल. बाबांचाही आवाज थरथरत होता.