कचरागाडीचा सायरन

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, ठेवूही नका. पण कचऱ्याच्या गाडीला वाट द्यायला एकदा अख्खा रस्ता बाजूला झाला होता, आणि तो माझ्या एका खोक्यामुळे.

मी गाड्यांच्या वायरिंगचे आराखडे काढायचो. तेव्हा प्रत्येक गाडीची तऱ्हा निराळी; एक दिवा गेला, की मेकॅनिक अर्धी गाडी उसवून बसायचा. मी म्हटलं, कामं खोक्यांत वाटून टाका. दिव्यांचं एक, वायपरचं एक, सायरनचं एक. आणि सगळ्या गाड्यांना सॉकेट एकच. इथलं काढा, तिथं लावा.

साहेब हसले. "कचरागाडीला ॲम्ब्युलन्सचं सॉकेट कशाला हो? कचरा काय अत्यवस्थ असतो?"

तरी नमुन्याची एक कचरागाडी मी तशी करून घेतलीच. तिच्या चाचणीच्या फेरीत जेवायला म्हणून घरी थांबलो, तर बायकोला कळा सुरू झालेल्या. दुसरं वाहन कुठलं शोधता? ड्रायव्हरने आणि मी तिला उचलून केबिनमध्ये बसवलं. चौकात येतो तो मोटारींची ही रांग. माझं मनगट आवळून ती म्हणाली, "अहो, आता काही खरं नाही माझं."

ॲम्ब्युलन्ससाठी केलेलं सायरनचं खोकं माझ्या पिशवीतच होतं. काढलं, सॉकेटात खुपसलं. काय सांगू तुम्हाला, असा काही तो वाजला, की मोटारी फुटपाथवर चढल्या, ट्रॅफिक पोलिसाने सलाम ठोकला, समोरून येणारी खरी ॲम्ब्युलन्ससुद्धा ओशाळून कडेला झाली. नऊ मिनिटांत दवाखाना. दहाव्या मिनिटाला मुलगी.

त्या मुलीला मी हे शंभरदा ऐकवलं आहे. हल्ली तीही माझ्याच धंद्यात आहे. परवा ऐकता ऐकता तिने चहाचा कप खाली ठेवला.

"बाबा, कचरागाडी चोवीस व्होल्टची. ॲम्ब्युलन्सचं खोकं बारा व्होल्टचं. मग वाजलं कसं?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"वाजलं की," तिची आई म्हणाली. "एकदाच. मग धूर आला. पुढचा सगळा रस्ता हेच खिडकीतून अर्धे बाहेर लोंबत कोकलत होते. तू झालीस तेव्हा घशातून आवाज फुटेना यांच्या. नुसते बघत बसले तुझ्याकडे."