उसनी चक्की

मित्रांनो, मी एक जुनी हातचक्की आहे, कॉफी दळायची. जुनी म्हणा, खुशाल म्हणा. कुरकुरते म्हणा, तेही खरं आहे. पण मला पनवती म्हणाल तर याद राखा. ते एकदा ऐकून घेतलंय, पुन्हा ऐकणार नाही.

माझं खोकं अक्रोडाच्या लाकडाचं, दात लोखंडाचे, खाली भुकटी पडायला एक खण. फ्रान्सच्या पूर्वेकडच्या एका सुतारानं मला घडवलं आणि ओदील नावाच्या नवरीबरोबर मी तिच्या सासरी आले. तिची दोन पोरं माझ्याच घरघरीनं सकाळी उठायची. कौतुक मात्र कधी झालं नाही. कॉफी चांगली झाली की लोक कॉफीला वाखाणतात, चक्कीला कोण विचारतो?

मग जर्मनांशी लढाई आली. ओदीलची दोन्ही पोरं फौजेत नेली. गावाच्या पलीकडेच खंदक खणले गेले, गाव रिकामं झालं, पण ओदील हलली नाही. कोंबड्यांना दाणे कोण घालणार, म्हणाली. एके दिवशी पाणी भरायला शिपायांची एक टोळी तिच्या दारात आली. त्यांची चक्की एका हल्ल्यात गेली होती, म्हणून ते डोक्यावरच्या लोखंडी टोपात दाणे टाकून बंदुकीच्या दस्त्यानं कुटत होते. ओदीलनं त्यांची कॉफी एक घोट चाखली आणि थुंकली. आत जाऊन तिनं मला आणलं आणि ओनोरे नावाच्या गाडीवानाच्या हातात ठेवलं.

"देत नाहीये हं, उसनी देतेय. परत आणून द्यायची."

"आणून देईन, आजी," ओनोरे म्हणाला.

त्या दिवसापासून मी ओनोरेच्या पाठीवरच्या पिशवीला सुतळीनं बांधलेली असायचे. तिथलं जगणं काय सांगू? पांढऱ्या मातीचा चिखल, अंगभर उवा, पावावर डल्ला मारणारे उंदीर. स्वयंपाक कोसभर मागे व्हायचा, त्यामुळे सूप यायचं ते चरबीचा थर धरून, गार ढोण. गरम म्हणावं असं तिथं एकच होतं, आमची कॉफी. आवाज होऊ नये म्हणून ओनोरे मला घोंगडीत गुंडाळून दळायचा. तरी समोरच्या जर्मनांना ऐकू जायचंच. एखादा मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एक कप आम्हालाही पाठवा म्हणायचा, आणि ओनोरे त्याला साखर घेऊन इकडेच ये म्हणून आमंत्रण द्यायचा. दोन्ही बाजूंना हसू फुटायचं. मग दिवस वर यायचा आणि तोफा सुरू व्हायच्या.

ओनोरे हल्ल्यात नाही गेला. पाणी आणायला गेला होता, तिथं गोळा पडला. माझा दांडा मोडला, त्याचा श्वास थांबला. उरलेल्या थोटक्या दांड्यानंच दळण चाललं, पण त्याच्यानंतर मी ज्याच्या पाठीवर गेले तोही गेला, आणि त्याच्यानंतरचाही. मग कुजबुज सुरू झाली. ती सुरू केली बातिस्त न्हाव्यानं. चक्की पांढऱ्या पायाची आहे, म्हणाला, जो उचलेल तो मरेल. कोणी मला हात लावेना. मी कोपऱ्यात पडून जळत होते. अरे, माझ्या दातांना दाण्यांशिवाय काही ठाऊक नाही! एका सकाळी बातिस्तनं मला उचललं आणि खंदकाबाहेर फेकायला हात वर केला. इप्पोलित नावाच्या कोळ्यानं त्याचं मनगट धरलं.

"चक्कीनं माणसं मारली म्हणतोस? मग समोरचे काय इथं गवत कापायला आलेत?"

"तिघं गेले, इप्पोलित. तिघांच्या पाठीवर हीच होती."

"आणि बाकीचे इतके गेले, त्यांच्या पाठीवर काय होतं? ती उसनी आहे, बाबा. उसनं फेकत नसतात. त्या म्हातारीला काय तोंड दाखवशील?"

बातिस्तनं हात खाली घेतला. इप्पोलितनं मोडक्या फावड्याच्या दांड्यातून मला नवा दांडा करून बसवला आणि मला स्वतःच्या पाठीवर बांधलं. वर गोळे घोंगावायला लागले की तो त्यांना सुनावायचा, मला मरायला सवड नाही, वस्तू परत करायची आहे. मला तो माणूस फार आवडायचा, हे सांगायला मला लाज नाही.

वसंतात हुकूम आला, समोरची टेकडी घ्या. तीच टेकडी, जिच्यासाठी आधीही दोनदा माणसं गेली होती. हुकूम देणारे जिथं जेवत होते तिथं तोफांचा आवाजही पोचत नसेल. निघताना इप्पोलितनं मला पाठीवरून सोडून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं. आल्यावर दळू, म्हणाला. तो आला नाही. त्या दिवशी मी त्याच्या पाठीवर नव्हते, मित्रांनो. हे नीट ध्यानात ठेवा.

संध्याकाळी बातिस्त परतला. त्यानं मला कोनाड्यातून काढलं. मग बसला, माझ्यात दाणे घातले आणि रडत रडत दळत राहिला. दळून झाल्यावर त्यानं मला आपल्या पाठीवर बांधलं. भीतीनं त्याची गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. पण बांधलं त्यानंच, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

लढाई संपली आणि तो मला घेऊन गावात आला. घर उरलं नव्हतं. ओदील पत्र्याच्या झोपडीत राहत होती. तिनं मला उलटंपालटं करून पाहिलं.

"हा दांडा माझा नाही."

"इप्पोलितनं बसवला, आजी."

"आणि तो गाडीवान कुठंय? शब्द त्यानं दिला होता."

बातिस्तनं डोक्यावरची टोपी काढली.  ओदीलनं दाणे दळले, कॉफी केली आणि त्याला समोर बसवून प्यायला लावली. तो निघताना म्हणाली, उसनं परत केलंस, चांगल्या घरचा आहेस.

पुढं गावच्या चौकात दगड उभा राहिला. त्यावर मेलेल्यांची नावं, ओदीलच्या दोघांचीही. शहरातून एक बडे साहेब भाषणाला आले. लढाईची आठवण म्हणून मला काचेच्या पेटीत ठेवायची त्यांची इच्छा होती, पण ओदीलनं साफ नाही म्हटलं. रोजची वस्तू आहे, म्हणाली, पेटीत ठेवून मी दळू कशात? तरी ती मला कुशीत घेऊन भाषणाला गेली. साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले, की या गावानं आपली मुलं देशाला दिली. टाळ्या पडणार, एवढ्यात ओदील उठली.

"दिली नव्हती," ती म्हणाली. "द्राक्षं उतरायच्या आत परत पाठवतो, असं सांगून नेली होती. उसनी नेली होती."

 साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

मित्रांनो, मला घासूनपुसून चमकवू नका. दाणे घाला आणि फिरवा, माझे दात अजून शाबूत आहेत. पण तुमच्या दारात कोणी काही न्यायला आलं, तर ओदीलसारखं तोंडावर विचारा, परत कधी आणणार? चक्की नेत असेल तरी विचारा. पोरगं नेत असेल, तर उत्तर मिळेपर्यंत दार अडवून उभे राहा.