उलटी बटणपट्टी

मित्रांनो, मला बघून तुम्ही म्हणाल, ही काय, एक जुनी फळी आहे. म्हणा बापडे. मूळची मी कपाटाचं दार. कपाट मोडीत निघालं तेव्हा दवाखान्याच्या सुताराने मला बाजूला काढलं, माझ्यावर रंधा मारला आणि जगातल्या सगळ्या कटकटी माझ्या अंगावर ठोकल्या. एक कडी, एक कुलूप, एक नळ, दिव्याचा खटका, बुटाची नाडी. आणि मधोमध शर्टाला असते तशी कापडाची बटणपट्टी, पाच बटणं आणि पाच काजं असलेली. ती मात्र व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी स्वतः शिवली होती.

मी राहते त्या खोलीत मोठ्या आजारातून, अपघातातून वाचलेली माणसं येतात. जीव वाचला म्हणजे झालं, असं बाहेरच्यांना वाटतं. इथे मात्र एका कडीसाठी माणसाला घाम फुटतो. शिडीवरून पडलेला एक रंगारी माझी कडी पहिल्यांदा सरकवून हसत सुटला आणि हसता हसता रडला. एक आजी रोज माझ्या नळाला नावं ठेवायच्या आणि तो फिरला की त्यालाच शाबासकी द्यायच्या. मला नाही हं, नळाला! पण मी मनाला लावून घेतलं नाही. खरं सांगायचं तर थोडंसं लावून घेतलं.

मग खोलीत पडद्याचं यंत्र आलं. त्यात हवेत हात हलवून खोटी फळं तोडायची. सगळे त्याच्या कौतुकात, आणि माझी रवानगी दारामागे. दोन वर्षं माझ्या कडीवर ओले टॉवेल वाळत होते. मला फार वाईट वाटायचं, पण फळीला विचारतो कोण?

एक दिवस टेलरमास्तर आले. पस्तीस वर्षं त्यांनी गावाला शर्ट शिवून घातले होते. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. चार महिन्यांत ते काठी घेऊन चालू लागले, पण उजव्या हाताची बोटं अजून रुसलेलीच होती. त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, यायच्या. काकू शाळेत शिकवायच्या, म्हणजे घरात खऱ्या मास्तर त्याच. त्या रोज सकाळी मास्तरांसमोर उभं राहून त्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायच्या.

पण काकूंची रजा संपत आली होती. त्यानंतर मास्तर दिवसभर घरी एकटे. दूरच्या शहरातल्या मुलाने फोनवर सांगून टाकलं होतं की बाबांना स्वतःचे कपडे घालता येत नसतील तर त्यांनी इकडे यावं, दुकान बंद करावं. मुलगा वाईट नव्हता, काळजीपोटीच म्हणत होता. मास्तरांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. दुकान गेलं तर मी कोण, असं ते ताईंना एकदाच म्हणाले आणि नंतर तो विषयच त्यांनी काढला नाही.

पडद्यावरची फळं त्यांना पटेनात. बटण लावायचंय तर समोर बटण द्या, असं ते म्हणाले, तेव्हा ताईंना माझी आठवण झाली. टॉवेल उतरले, धूळ झटकली गेली. मला कोण आनंद झाला! पण तो टिकला नाही. मास्तर रोज तासभर माझ्या पट्टीशी झगडत. बोटं बटणापर्यंत जात आणि तिथे गोंधळत. दोन आठवडे गेले, पाचांतलं एकही बटण लागेना. ताई म्हणाल्या, बोटांत जोर यायला वेळ लागेल. काकूंनी मुलाकडे जायची बॅग माळ्यावरून खाली काढली.

रजेचे अकरा दिवस उरले होते. त्या दिवशी मास्तरांनी मला हातच लावला नाही, नुसते बघत बसले. मग डाव्या हाताने पट्टी उलटून पाहिली आणि विचारलं, ही कोणी शिवली? ताई ओशाळल्या. म्हणाल्या, मीच, भिंतीवर एक शर्ट टांगला आणि त्याच्याकडे बघून शिवली.

मास्तर महिन्याभरात पहिल्यांदा हसले. "ताई, ही पट्टी समोरच्याच्या अंगावरची आहे हो. दुसऱ्याला बटणं लावून देणाऱ्याची. माझ्या अंगावर बटणं उजवीकडे असतात, इथे डावीकडे आहेत."

ताईंनी मास्तरांच्या शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कपाळाला हात लावला. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धडधाकट माणूस असा फरक सहज निभावून नेतो. पण जो हात सगळं नव्याने आठवतोय, त्याला मी भलत्याच बाजूला बोलावत होते. इतकी वर्षं किती जणांनी माझी चूक आपल्या बोटांच्या माथी मारली असेल!

मास्तरांनी मला सरळ उलटं केलं. वरची बाजू खाली, खालची वर. नळ खाली डोकं वर पाय झाला, पण बटणं उजवीकडे आली. चमत्कार वगैरे काही झाला नाही. त्या दिवशी एकच बटण लागलं, तेही अर्ध्या तासाने. दुसऱ्या दिवशी एकही नाही. पण पाचव्या दिवशी तीन लागली. नवव्या दिवशी त्यांनी मला दूर सारलं आणि म्हणाले, आता अंगावरच्या शर्टावर बघू.

काकू समोर येऊन उभ्या राहिल्या आणि सवयीने त्यांचे हात पुढे झाले. मास्तर म्हणाले, "तू जरा बस ना. आणि हात मांडीखाली घालून बस."

काकू बसल्या, शाळेतल्या खोडकर पोरीसारख्या, दोन्ही हात मांडीखाली. अकरा मिनिटं लागली. मधे एकदा बोटं अडकली तेव्हा काकूंचे खांदे वर उचलले गेले, पण हात जागेवरून हलले नाहीत. शेवटचं बटण लागलं आणि ताईंनी कागदावर लिहिलं, कपडे स्वतः घालतात. मास्तरांनी लगेच मुलाला फोन लावला. मी येत नाही, सोमवारी दुकान उघडतोय, एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

पण एक गंमत झाली होती. वरून दुसरं बटण चुकीच्या काजात गेलं होतं. शर्टाची एक बाजू खाली लोंबत होती. ताईंना दिसलं, मला दिसलं. काकूंना तर सगळ्यांत आधी दिसलं. त्या बोलायला गेल्या आणि हात मांडीखाली आणखी दाबून बसल्या. डोळे मात्र भरून आले.

दारापाशी मास्तर थांबले. "दिसतंय मला, वाकडं लागलंय ते. पस्तीस वर्षं हेच केलंय. घरी जाऊन मीच नीट करीन." आणि तसाच वाकडा शर्ट घालून ते भर दुपारी रस्त्याने चालत गेले, काकू त्यांच्या बरोबरीने.

माझी पट्टी ताईंनी पुन्हा शिवली, या वेळी शर्ट स्वतःच्या अंगावर घालून. माझी कडी जरा गंजली आहे, कोणी थेंबभर तेल सोडलंत तर उपकार होतील. पण त्याआधी एक करा, मित्रांनो. तुमच्या घरी कोणी खूप वेळ लावून स्वतःचं बटण लावत असेल, तर उशीर होऊ द्या. वाकडं लागलं तरी हात लावू नका.