मूळ फ्लॉपी टाका

मनकर्णा नागपूरहून परत आली तेव्हा तिचं अंग नुसतं आंबून गेलं होतं. दीक्षाभूमीला जाताना डब्यात उभं राहून गेली, येताना दारात बसून आली. घरी पडायचं सोडून ती तडक कामावर आली. परभणीच्या स्टेशनाजवळ दिनकररावांचं मुद्रणालय. तिथल्या एकुलत्या एक कंप्युटरची ती ऑपरेटर. सहामाही परीक्षा दहा दिवसांवर आलेली, मग पाय कुठून थांबणार?

तिनं कंप्युटर लावला. रोजच्यासारखं पडद्यावर आलं, मूळ फ्लॉपी टाका. टाइपिंगचा हा प्रोग्राम पुण्याच्या कंपनीचा. कुणी त्याची नक्कल करून वापरू नये म्हणून कंपनीनं त्याला कुलूप घातलेलं, आणि त्या कुलपाची चावी म्हणजे ही मूळ फ्लॉपी. दर सकाळी ती घातल्याशिवाय प्रोग्राम उघडत नसे. तिची नक्कल करून घातली तर मशीन ओळख दाखवत नसे.

ड्रॉवरमधून मनकर्णानं ती चावी काढली, आणि बघते तर काय! फ्लॉपीला मधोमध जी लांबट खिडकी असते, जिथं चुकूनसुद्धा बोट लावू नये असं ती चार वर्षं सगळ्यांना ओरडून सांगत आली, बरोबर त्याच खिडकीवर हळदीकुंकवाची दोन ठसठशीत बोटं. वर चार अक्षता चिकटलेल्या.

"आईनं लावलं," दिनकरराव खाली मान घालून म्हणाले. "खंडेनवमीला सगळ्या मशीनांची पूजा केली. मी म्हणलं कंप्युटरचा जीव ह्या फ्लॉपीत हाय. तर म्हातारीनं नीट पुसून, ओल्या बोटानं लावलं."

आता म्हातारीला काय बोलायचं? ऐंशीच्या घरातल्या पार्वतीबाई. त्यांनी छपाईचं मशीन पुजलं, कागद कापायची कात्री पुजली, मग ज्याच्यात जीव त्याला उपाशी कसं ठेवतील? मनकर्णाला हसूही आलं आणि रडूही आलं. शेवटी तिनं स्पिरिटचा बोळा हातात घेतला.

आधी ड्राइव्ह पुसला, मग फ्लॉपी पुसली. मूळ फ्लॉपी टाका. ड्राइव्ह बदलून पाहिला. मूळ फ्लॉपी टाका. तिनं फ्लॉपीचं पाकीट कापून आतली काळी चकती बाहेर काढली, माठातल्या पाण्यानं धुतली, पंख्याखाली वाळवली आणि कोऱ्या फ्लॉपीच्या पाकिटात घातली. तरी तेच. अक्षतांनी चकतीवर बारीक ओरखडे पाडले होते. अगं बाई, मूळच घालतेय मी, अजून कुठली घालू, असं ती त्या पडद्याला मोठ्यानं म्हणाली. छपाईच्या मशीनवरचा म्हातारा आश्रुबा वळून बघायला लागला.

आणि काम कुठलं अडलं होतं? मुख्याध्यापक संघाच्या प्रश्नपत्रिका. सातवी ते दहावी, सगळे विषय. पेपर फुटू नयेत म्हणून ते काम ह्या मुद्रणालयाकडं यायचं, आणि मुद्रणालयात फक्त मनकर्णाच्या हाती जायचं. आधी चार वर्षं खिळे जुळवताना, मग चार वर्षं कंप्युटरवर, अशा आठ वर्षांत एक ओळ बाहेर गेली नव्हती. मनकर्णाजवळ दुसरं काय होतं? हा एवढा भरवसा. तो मिळवायला तिला इतरांपेक्षा दुप्पट दिवस लागले होते, कारण पहिल्या वर्षी संघाच्या एका गुरुजींनी तिचं आडनाव विचारलं होतं आणि मग बराच वेळ पानाला चुना लावत बसले होते.

दिनकररावांनी पुण्याला फोन लावला. मनकर्णा शेजारीच उभी होती. तिकडचा माणूस इतका मोठ्यानं बोलत होता की तिला सगळं ऐकू येत होतं. "तुमच्या प्रोग्रामवर जो नंबर आहे, त्याच नंबरच्या कुलूप तोडलेल्या नकला फिरताहेत. फ्लॉपी कोणाच्या ताब्यात असते?"

"ऑपरेटरच्या," दिनकरराव म्हणाले.

"मग आधी लेखी खुलासा पाठवा. नवी फ्लॉपी नंतर."

दिनकररावांनी फोन ठेवला. ते मनकर्णाकडं बघेनात. आश्रुबा मशीनला तेल घालायला लागला, सकाळीच घातलेलं असताना.

"मालक, मी न्हाई दिली कुणाला," मनकर्णा म्हणाली.

"मी कुठं काय म्हणलं?" दिनकरराव म्हणाले. "तू असं कर, पेपरच्या फ्लॉप्या घे आन् पाथरीला जा. जावयाकडं हाच प्रोग्राम हाय. तिथं काढ प्रिंट."

मालकांना कंप्युटर सुरू होताना पडद्यावर काय काय येतं हे ठाऊकच नव्हतं. चार वर्षांत ते त्याच्यासमोर बसले असतील तर शपथ. ठाऊक असतं तर त्यांनी तिला पाथरीला धाडलं नसतं.

एस्टीनं मनकर्णा पाथरीला पोचली. जावई भुजंगराव मोठा मोकळा माणूस. चहा सांगितला, खुर्ची पुसून दिली. तिनं कंप्युटर लावला. मूळ फ्लॉपी वगैरे काही न विचारता प्रोग्राम सरळ उघडला, आणि उघडता उघडता कोपऱ्यात खरेदीदाराचं नाव झळकलं. दिनकर मुद्रणालय, परभणी. खाली नंबर. तो नंबर मनकर्णाला तोंडपाठ होता.

"भुजंगराव, हा प्रोग्राम कुठून आणला?"

"मामांनीच दिला की, ताई. धोंड्याचा महिना न्हवता का? धोंडे जेवायला गेलतो. पानावर बसल्यावर मामा म्हणले, जावईबापू, काय पायजे ते मागा. मी म्हणलं, कपडे नको न् भांडे नको, तुमची ती फ्लॉपी द्या, सुट्टीच्या दिवसापुरती. संभाजीनगरात एका पोरानं कुलूप तोडून दिलं. त्यानं अजून कुणाकुणाला दिलं, देव जाणे."

तो इतक्या सरळपणे बोलत होता की तिला त्याचा रागही येईना. जावयाला अधिक महिन्यात जेवायला बसवून नाही म्हणणारा सासरा परभणी जिल्ह्यात अजून जन्मायचाय. तिनं सगळ्या प्रिंट काढल्या, एकेक मोजून पाकिटात घातली, लाख लावली आणि परतीची एस्टी धरली.

दिनकररावांना तिनं सांगितलं, तेव्हा ते चष्मा काढून पुसत राहिले.

"मग खुलाशात तेच लिवा, मालक."

"खुलासा गेला दुपारच्या टपालानं."

"काय लिवलं?"

"ऑपरेटरच्या नजरचुकीनं फ्लॉपी बाहेर गेली, असं." मग ते एकदम घाईनं बोलायला लागले. "लेक हाय माझी तिथं, मनकर्णा. जावयाचं नाव कसं लिवू? आन् तुला कुणी चोर म्हणलं का? कामावरून काढायलोय का?"

"म्हणलं न्हाई. पण चोर न्हाई, असंबी कुणी सांगितलं न्हाई."

ती एवढंच बोलली. भांडायलासुद्धा अंगात ताकद लागते, आणि तिची सगळी ताकद संपली होती. चोर नसल्याचा पुरावा देऊन देऊन ती थकली होती. मशीनपुढं, संघापुढं, आणि आता जिथं आठ वर्षं घालवली तिथंही. नोकरी सोडावी असं तिच्या मनात आलं. पण सोडली असती तर सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, पळाली.

परीक्षा पार पडली. पेपर फुटला नाही. दिवाळीनंतर पुण्याहून नवी फ्लॉपी आली, सोबत चिठ्ठी. टपाल मनकर्णाच फोडायची, तिनंच ती वाचली. 'सदर ऑपरेटरच्या हाती यापुढे मूळ फ्लॉपी देऊ नये, या अटीवर.'

ती उठली आणि फ्लॉपी, चिठ्ठी दोन्ही दिनकररावांच्या टेबलावर ठेवली.

"माझ्या हाती द्यायची न्हाई म्हणतेत. तुमीच घाला."

"असं काय करायलीस, मनकर्णा?"

"अट हाय, मालक."

दिनकरराव उठले. साठीचा माणूस, धोतर सावरत कंप्युटरपुढं वाकला. फ्लॉपी उलटी घातली. मूळ फ्लॉपी टाका. काढून पुन्हा घातली, तीही आडवी, फटीत जाईचना. मनकर्णा मांडीवर हात ठेवून बघत बसली. बाहेर लग्नपत्रिकेवाली दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"सांग ना बाई, कशी घालायची."

"आधी आश्रुबामामाला सांगा, कुणी दिलती ती बाहेर."

दिनकररावांनी फ्लॉपी हातातच धरली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून म्हणाले, "आश्रुबा, फ्लॉपी मी दिली होती. जावयाला. मनकर्णाचा काही संबंध न्हाई."

आश्रुबानं मशीन थांबवलं. हात पुसले.

"मला ठावं हाय की, मालक," तो म्हणाला. "धोंड्याच्या दिवशी जावईबापूंच्या जीपपर्यंत फ्लॉपीची पिशवी मीच तर नेऊन दिली."

मनकर्णानं त्याच्याकडं पाहिलं. आठ वर्षं तिच्या डब्यातली भाकरी खाणारा माणूस. तो खाली बघायला लागला आणि चिंधीनं पुन्हा हात पुसू लागला.

हे सगळं मोठ्यानं बोललं गेलं की आपल्याला हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. तिनं दिनकररावांच्या हातातून फ्लॉपी घेतली, सुलट केली आणि फटीत सारली. प्रोग्राम उघडला. पहिल्या गिऱ्हाइकाला तिनं आत बोलावलं, नवऱ्या मुलाचं नाव विचारलं, आणि त्यानं सांगितलेलं नाव तिला तीनदा विचारावं लागलं.