संत्र्याच्या लाकडाची मूठ

पुंडलिकरावांनी संत्र्याचं वाळलेलं खोड पायाखाली दाबलं आणि करवतीनं वीतभर तुकडा कापला. समोर खाटेवर रोमन तलवार पडली होती. खरी नव्हे, खऱ्यासारखी करून विकतात तसली. आखूड, रुंद, बिनधारेची. त्यांच्या मुलानं, ऋषिकेशनं, ती मागवली होती. त्याची बायको शिवानी सौसरच्या शाळेत इतिहास शिकवते. रोमचा धडा आला की ऋषिकेश जुन्या चादरीचा झगा करून, तलवार उपसून वर्गात शिरायचा आणि पोरं बाकांवर चढायची.

ऋषिकेश हिवाळ्यात गेला. मोटरसायकल घसरली, दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. तेव्हापासून पुंडलिकराव वेळेवर उठत, रामाकोना गावातल्या संत्र्याच्या बागेला पाणी देत, पानात पडेल ते खात. रडू असं आलंच नव्हतं. भेटायला आलेल्यांना ते चहा विचारत.

काल शिवानी म्हणाली होती, "बाबा, परवापासून शाळेत जाईन म्हणते. रोमचाच धडा आहे. तलवार मीच घेऊन जाते यंदा. पण मूठ तडकली."

"नाही झाली मूठ, तर?"

"तर नाही जात. अजून काही दिवस घरीच राहते."

इतक्या महिन्यांत तिनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

मुठीच्या टोकाला गोळा होता. त्याच्यामागचा नट त्यांनी खोलला, तशी जुनी मूठ दोन फाका होऊन हातात आली. फाकांवरून लांबी घेतली. सळई लाल करून नव्या तुकड्याला आरपार भोक पाडलं. धूर डोळ्यांत गेला, त्यांनी डोळे पुसले नाहीत.

"जेवता का नाही?" त्यांची बायको मंगलाबाई दारातून म्हणाल्या. "का त्या लोखंडालेच वाढू?"

"वाढ. माह्यापेक्षा त्याले जास्त भूक असन."

मग चाकू, मग कानस. विळ्याच्या, कुऱ्हाडीच्या मुठी त्यांनी जन्मभर केल्या होत्या. बाजारची मूठ या घरात कधी चालली नाही. ज्याचं अवजार, त्याच्या हाताची मूठ. हात आपोआप चालत होते. पुढच्या अंगाला बोटांच्या खाचा, बाजूला अंगठ्यासाठी खोलगट जागा, तळव्यात भरेल असा फुगवटा. डोकं रिकामंच होतं, पण लाकूड कुठं काढायचं आणि कुठं ठेवायचं हे अडलं नाही.

संध्याकाळी त्यांनी मूठ चढवून नट आवळला. शिवानीनं तलवार उचलली, बोटं हलवून पाहिली.

"बाबा, अंगठा बसून नाही राहिला."

"उलटी धर."

तिनं पातं फिरवून धरलं. आता खाचा तळव्याला टोचल्या. मंगलाबाई पुढं आल्या, त्यांनी मूठ बोटांनी चाचपली आणि हळू म्हणाल्या, "डावऱ्याची केली तुम्ही."

ऋषिकेश डावखुरा होता. त्याचा विळा वेगळा असे, मूठही वेगळी, आणि ती पुंडलिकरावच करत. तो लहान होता तेव्हापासून. पुंडलिकरावांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

शिवानीनं तलवार डाव्या हातात घेतली. "राहू द्या अशीच. डाव्या हातानंच धरते मी."

"पडन हातातून. पोरांसमोर."

"मग दुसरी करा न," मंगलाबाई म्हणाल्या. "लाकूड पडलं आहे तिकडं. ही ठेवून देऊ."

"सकाळी जायचं हाय तिले." पुंडलिकरावांनी तलवार मागून घेतली. "आन् ठेवून काय करू?"

ते खाली बसले आणि फुगवट्यावर कानस टेकवली. पहिल्यांदा ती लाकडाला धरेना. नुसती सरकली. शिवानी समोर बसली आणि हलू नये म्हणून पातं तिनं दोन्ही हातांनी धरलं. मग भुसा पडू लागला, पिवळा, बारीक. फुगवटा उतरला. अंगठ्याची जागा उथळ होत होत सपाट झाली. मूठ बारीक झाली, तिच्या हाताएवढी. दुसऱ्या बाजूला त्यांनी नवी जागा कोरली.

"आता?"

"अंगठा टेकते. थोडं अजून."

त्यांनी थोडं अजून काढलं. तिनं उजव्या हातानं मूठ आवळली, तलवार समोर धरली. हात हलला नाही.

"बसली, बाबा."

पुंडलिकरावांनी मान हलवली. मंगलाबाई झाडू घेऊन आल्या आणि भुशाशी थांबल्या.

"उचलू?"

"थांब जरासक," ते म्हणाले. भुशावर तळवा ठेवून ते बसून राहिले. शिवानी तलवार घेऊन आत गेली आणि धडा काढून बसली.