कारण : वैयक्तिक

मिस पेगच्या पाळणाघरात दाराजवळच खुंट्यांची रांग आहे. प्रत्येक खुंटीखाली एका मुलाचं नाव, पेगने स्वतःच्या हाताने रंगवलेलं. टेसा सकाळी आपल्या लेकीला, जूनीला, घेऊन आली तेव्हा अंगणातला बर्फ अजून निळसर होता. चार वर्षांच्या जूनीने कोटाची चेन एकटीने उघडली, कोट आपल्या खुंटीवर अडकवला आणि रोजच्यासारखा शेजारच्या खुंटीला हात लावला. तिथे एकच लाल हातमोजा लटकत होता. खाली नाव होतं, कोल्बी.

"पेग, कोल्बीचा दुसरा हातमोजा सापडला का गं?"

"अजून नाही, राणी. चल, तुझी खीर निवतेय."

पेगने जूनीला आत नेलं. टेसा खुंटीकडे न बघता बाहेर पडली.

कोल्बी तिच्या थोरल्या बहिणीचा, केंड्राचा मुलगा. दोघी बहिणी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात कामाला. मागच्या वर्षी केंड्राला बढती मिळाली, म्हाताऱ्यांना औषधं देण्याची. पगार थोडासाच वाढला, पण सरकारने आखलेली कमाईची मर्यादा ओलांडून गेला आणि पाळणाघराच्या फीसाठी मिळणारी सरकारी मदत पूर्ण बंद झाली. सगळी फी एकट्या पगारातून झेपेना. म्हणून कोल्बी दिवसभर केंड्राच्या सासऱ्यांकडे राहू लागला. माणूस प्रेमळ, पण ऐंशीचा. एका दुपारी टीव्हीसमोर त्यांचा डोळा लागला. मागचं दार उघडं होतं. मागे तळं होतं, आणि त्यावरचा बर्फ मार्चमधला, पातळ.

ते तळं अजून तिथेच आहे. केंड्रा रोज त्याच रस्त्याने कामावर येते.

वृद्धाश्रमातल्या बाकीच्या बाया आधीपासूनच शहाण्या होत्या. बढतीचं पत्र आलं की कचेरीतून नकाराचा कागद आणायचा, सही करायची, आणि 'कारण' लिहिलेल्या ओळीवर एकच शब्द टाकायचा : वैयक्तिक. नव्या मुलीला चादर बदलायला शिकवावं तसं हेही शिकवलं जाई. मूल पाळणाघरात राही, आई होती तिथेच राही.

या फेब्रुवारीत पत्र टेसाला आलं.

"वैयक्तिक लिही आणि मोकळी हो," व्यवस्थापक हाउगनबाईंनी कागद पुढे सरकवला. "पुढे कुणी काही विचारत नाही."

"म्हणूनच तर गेल्या महिन्यात ते आमदार आले आणि तसेच गेले ना?"

हाउगनबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मर्यादा वाढवावी असा अर्ज गेला होता. आमदारांनी कागद चाळले आणि म्हणाले होते, एकोणीस जणींनी बढती नाकारली, एकोणीस जणींची कारणं वैयक्तिक. मर्यादेमुळे अडलेली बाई यात कुठे दिसते? गुरुवारी ही मर्यादा ठरवणाऱ्या समितीची बैठक होती. समितीने हेच कागद मागवले होते.

"खरं कारण लिहिलंस," बाई हळूच म्हणाल्या, "तर मुद्दाम कमाई कमी ठेवते म्हणून तुझी चौकशी लागेल. चौकशी संपेपर्यंत मदत बंद. जूनीला कुठे ठेवशील?"

टेसा कागद घेऊन जेवणाच्या खोलीत आली. केंड्रा डब्यातल्या मॅकरोनीत नुसता चमचा फिरवत होती.

"वैयक्तिक लिही," तिने मान वर न करता सांगितलं. "तुला काय देवदूत व्हायचंय का?"

"तुला काहीच वाटत नाही?"

"मला काय वाटतं?" केंड्राने चमचा ठेवला. "मी तो एक शब्द लिहिला असता ना टेस, तर आज संध्याकाळी कोल्बी मॅकरोनीवर ढीगभर केचप ओतून माझ्या शिव्या खात असता. रोज हेच वाटतं. म्हणून सांगतेय, लिही."

टेसाने पेन उघडलं. जूनीच्या हाताची ऊब अजून तिच्या तळव्यात होती, आणि त्याच हाताने तिने लिहिलं : 'बढती घेतली तर माझ्या मुलीला सुरक्षित ठेवायला जागा उरत नाही.' लिहून झाल्यावर तिने कागद केंड्रापुढे सरकवला.

केंड्राने ते वाचलं. एकदा, मग पुन्हा.

"कोरा कागद आहे का अजून?"

"तुझी तर बढती झालीय."

"ओळ तर आहे ना त्यावर," केंड्रा म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी गावच्या वाचनालयात बाया मुलांसकट आल्या, कारण मुलांना ठेवणार कुठे? जूनी टेसाच्या खांद्यावर झोपली होती. समितीचे अध्यक्ष चष्मा लावून कागद वाचत होते. वैयक्तिक. वैयक्तिक. टेसाचा कागद आला तेव्हा ते जरा थबकले, वाचून पुढे गेले. मग शेवटचा कागद हातात घेऊन त्यांनी तो उलटसुलट केला.

"हा चुकून आलेला दिसतो. या बाईंनी तर बढती स्वीकारली आहे."

"चुकून नाही," मागून केंड्रा म्हणाली. "वाचा."

त्यांनी घसा साफ केला. "कारण : कोल्बी, वय चार वर्षं. मी हो म्हटलं होतं."

त्या नावाने जूनीची झोप मोडली. तिने मान वर केली, डोळे चोळले आणि दाराकडे बघितलं.

"कोल्बी आला?"

अध्यक्षांनी कागद खाली ठेवला नाही आणि पुढेही वाचलं नाही. जूनी दाराकडे बघतच राहिली.

मग तिसऱ्या रांगेतून वृद्धाश्रमात कपडे धुणारी बर्नडीन उठली. वीस वर्षांत ती कुठल्याही बैठकीत बोलली नव्हती.

"साहेब, माझा कागद परत द्या," ती म्हणाली. "त्यावर कारण खोटं लिहिलंय."