शेवटचा कारागीर

सहलीला आलेल्या पाहुण्यांपैकी एका निवृत्त शिक्षिकेने भट्टीजवळ उभ्या असलेल्या मुलीच्या हातांवरचे भाजल्याचे डाग पाहिले आणि गाईडच्या दंडाला हलकेच बोट लावलं.

"हिला विचारा ना, हे काचेचं काम ती कोणाकडून शिकली?"

गाईडने मुलीला तिच्या भाषेत तेच विचारलं. मुलगी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होती. हातातला चिमटा बाजूला ठेवून ती म्हणाली, "बाबांकडून. सात वर्षांची होते तेव्हापासून. आता दोन वर्षं सगळं मीच करते."

गाईड पाहुण्यांकडे वळला. त्यांच्या भाषेत त्याने सांगितलं, की ही शेजारी राहते. इथले कारागीर म्हातारबाबा आजारी आहेत म्हणून आज भट्टी सांभाळायला आली आहे. काम तिला येत नाही.

आठ जणांनी माना डोलावल्या. नववी ती शिक्षिका. तिने पुन्हा त्या डागांकडे पाहिलं आणि मुलीकडे बघत, वर्गात विचारावं तसं एकेक शब्द सुटा करत विचारलं, "तू खरंच शेजारची?"

गाईडने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी मुलगीच बोलली, तेही पाहुण्यांच्या भाषेत. उच्चार थोडे जड होते, वाक्य मात्र नीट होतं.

"हो. शेजारची. मी फक्त भट्टी सांभाळते."

गाईडची कानशिलं तापली. भट्टीपाशी सगळ्यांचेच चेहरे लाल झाले होते, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

आठ वर्षं तो असे लहान लहान गट घेऊन या गावात येत होता. त्याच्या कंपनीच्या सहलीत पहिले चार दिवस प्रसिद्ध राजवाडे आणि संग्रहालयं असायची. पाचव्या दिवशी, जिथे मोठ्या बसगाड्या फिरकत नाहीत असं हे काचेचं गाव. पहिल्या वर्षी भट्टीसमोर उभं राहून तो सांगत होता, की इथे एकेकाळी चाळीस भट्ट्या होत्या, आता ही एकच उरली. ते सगळं खरं होतं. मग बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, "आणि या म्हाताऱ्याच्या मागे कोणी नाही." समोरच्या एका बाईने डोळे पुसले. त्या सहलीनंतर पाहुण्यांनी कंपनीला जी पत्रं लिहिली, त्यांतल्या प्रत्येकात त्या म्हाताऱ्याचा उल्लेख होता. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात त्याचा मोठा फोटो आला आणि खाली छापलं होतं : शेवटचा कारागीर.

एकदा छापून आल्यावर त्याला ते मागे घेता येईना. खरं तर त्याने तसा प्रयत्नही केला नाही. म्हाताऱ्याची मुलगी तेव्हा विशीची होती, अंगणात वाळू चाळत बसायची. तिच्याकडे बघून कोणी विचारलं तर तो कधी भाची म्हणायचा, कधी मदतनीस.

दोन वर्षांपूर्वी म्हाताऱ्याची छाती गेली. फुंकणीत हवा भरणं त्याला जमेनासं झालं. फुलदाण्या, दिवे, पेले सगळं मुलगी करू लागली. गट आला की म्हातारा फुंकणी ओठांना लावून बसायचा, फोटोपुरता गाल फुगवायचा. त्या सुमारास गाईडनेच तिला हसत हसत सांगितलं होतं, "अगं, पाहुणे असले की जरा मागच्या अंगणात थांबत जा. आधीच जागा लहान, त्यात गर्दी वाटते." ती बरं म्हणाली होती आणि थांबत गेली होती.

आज मात्र म्हातारा अंथरुणातून उठूच शकला नव्हता.

पाहुणे फडताळातल्या वस्तू उचलून उजेडाकडे धरून पाहू लागले, तेव्हा गाईड अंगणात गेला. ती बादलीत हात बुडवून उभी होती. त्याने विचारलं, "कधीपासून कळतं तुला त्यांचं बोलणं?"

"पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून," ती म्हणाली. "तुम्ही दर वेळी तेच बोलता ना दादा, त्यामुळे सोपं गेलं. कुठल्या वाक्याला हसतात, कुठल्या वाक्याला रडतात, ते बघून बघून शब्द लागत गेले."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मग आज खरं का नाही सांगितलंस?"

तिने हात झटकले. "इतक्या लोकांसमोर तुम्हाला खोटं पाडायचं? आठ वर्षं येताय तुम्ही आमच्याकडे." मग म्हणाली, "बाबा जागे आहेत. भेटून जा. सकाळपासून तुमचीच वाट बघतायत."

म्हाताऱ्याची खोली भट्टीला लागूनच होती. मधली भिंत उबदार असायची, म्हणून खाट तिला टेकवून ठेवलेली. गाईडला पाहताच म्हातारा कोपरावर उठायला लागला. गाईडने त्याला खांद्याला धरून पुन्हा आडवं केलं आणि बाजूच्या स्टुलावर बसला. तब्येतीची विचारपूस झाली. औषधाच्या बाटल्या दाखवून झाल्या. मग म्हाताऱ्याने त्याचा हात आपल्या हातात घेतला.

"तुमचे उपकार आहेत माझ्यावर," तो म्हणाला. "पाहुण्यांशी तुम्ही काय बोलता ते मला कळत नाही. पण पोरगी जेवताना सगळं सांगते. आज गाईडदादा काय काय म्हणाले, कसं म्हणाले."

"काय सांगते?"

"हेच, की तुम्ही तिचं किती कौतुक करता. सगळ्या पाहुण्यांना सांगता म्हणे, की पोरगी बापाच्या पुढे गेली, आता हे काम बुडायचं नाही." म्हाताऱ्याला धाप लागली. तो थांबला, मग छताकडे बघत म्हणाला, "मला तिच्या तोंडावर असं म्हणवत नाही हो. आमच्यात सवयच नाही. माझा बापही मला कधी चांगलं म्हणाला नाही. तुम्ही परके असून म्हणता. तिला तेवढं पुरतं."

गाईडने मान खाली घातली. आपला हात त्याला सोडवून घ्यावासा वाटत होता, पण म्हाताऱ्याने तो घट्ट धरला होता. दारात पाणी घेऊन मुलगी उभी होती. ती कधी आली, तिने किती ऐकलं, कोण जाणे. तिने तांब्या ठेवला आणि त्याच्याकडे न बघता निघून गेली.

तो बाहेर आला तेव्हा पाहुणे निघायच्या तयारीत होते. कागदात गुंडाळलेल्या वस्तू पिशव्यांत जात होत्या. त्याने सगळ्यांना पुन्हा बाकांवर बसायला सांगितलं. आठ वर्षं या जागी उभं राहून त्याची वाक्यं कधी अडली नव्हती. आज प्रत्येक शब्द शोधावा लागत होता. तो म्हणाला, की मी तुम्हाला मघाशी खोटं सांगितलं. ही त्यांची मुलगी आहे. तुमच्या पिशव्यांमधलं सगळं हिने केलेलं आहे. ती तुमच्यासमोर येऊ नये म्हणून मीच तिला मागे उभं करत आलो. म्हाताऱ्याच्या मागे कोणी नाही ही गोष्टही माझीच.

एका गृहस्थाने कपाळाला आठ्या घालून आपल्या बायकोकडे पाहिलं. दुसऱ्याने हातातलं माहितीपत्रक उघडून फोटो बघितला आणि पुन्हा मिटलं. मुलगी भट्टीच्या तोंडाशी पाठमोरी उभी होती. तिचे कान लाल झाले होते.

मग शिक्षिका उठली, तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "आम्हाला करून दाखवशील का?"

मुलीने वळून गाईडकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, आणि जे बोलेल ते ऐकून घ्यायला तो तयार होता. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही बाबांजवळ बसाल का थोडं? त्यांना खोकला आला तर उठवून बसवावं लागतं. इथलं मी बघते."

तो पुन्हा त्या स्टुलावर जाऊन बसला. भिंतीपलीकडे भट्टीचं दार उघडल्याचा आवाज झाला. मग तिचा आवाज येऊ लागला. ती पाहुण्यांच्या भाषेत अडखळत, चुकत, मध्येच स्वतःशी हसत बोलत होती.

म्हाताऱ्याने कान टवकारले. "ही बोलतेय? त्यांच्याशी?"

"हो."

"काय सांगतेय?"

गाईडने नीट ऐकलं. "म्हणतेय, आता काच मधासारखी झाली की उचलायची. फार जोराने फुंकायचं नाही." तो थांबला, पुढचं ऐकलं. "म्हणतेय, हे सगळं बाबांनी शिकवलं. पण बाबांसारखं तिला अजून येत नाही. तिच्या फुलदाणीचा तळ जाड येतो."

"जाड?" म्हातारा कोपरावर उठला. "कोण म्हणतं जाड?"

"तीच म्हणतेय."

"काहीतरीच बोलते. तिच्यासारखा पातळ तळ या गावात कोणाला काढता आला नाही. मला नाही, माझ्या बापाला नाही." त्याला खोकल्याची उबळ आली. गाईडने त्याला उठवून बसवलं, पाठ चोळली, पाणी पाजलं. उबळ ओसरल्यावर म्हाताऱ्याने दाराकडे हात केला. "जा. सांगा त्यांना."

"तिच्यासमोर सांगू?"

म्हातारा बराच वेळ पांघरुणाची कड चाचपत राहिला.

"तिच्यासमोरच सांगा," तो म्हणाला. "मी म्हणालो म्हणून सांगा."

गाईड उठून भट्टीच्या दारात जाऊन उभा राहिला. फुंकणीच्या टोकाशी काचेचा लाल गोळा हळूहळू फुगत होता. तो पुरा होईपर्यंत गाईड थांबला. तिने फुंकणी ओठांपासून दूर केल्यावर त्याने म्हाताऱ्याचे शब्द, एकही न गाळता, आधी तिला सांगितले आणि मग पाहुण्यांना.